आईंचं करायला घरात कोण कोण आहे?

या आठवड्याचं पत्र पुण्यातल्या सहकारनगरहून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून आणि थोडं आखूड करून ते इथे देते.

‘नमस्कार. माझं वय ५२. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याला तीन वर्षं झाली. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत. सकाळी साडेसहाच्या बसने जातात, रात्री आठला येतात. मुलगा बंगळुरूला नोकरीला. धाकटे दीर आणि जाऊ रावेतला, नणंद साताऱ्याला. मी एका पतसंस्थेत काउंटरला होते. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, कारण आईंना घरात एकटं ठेवणं शक्यच नव्हतं.

आई दिवसभर माझ्या मागे मागे असतात. स्वतःच्याच घरात बसून “मला घरी सोड” म्हणतात. संध्याकाळी तर फारच. त्यांच्या पाटल्या मी घेतल्या असं शेजारच्या काकूंना सांगतात. रात्री दोन-तीनदा उठून दाराची कडी काढायला बघतात. नणंदेचा फोन आला की मात्र इतकं छान बोलतात, की ती मला म्हणते, “वहिनी, आई तर ठणठणीत आहे.”

माझ्या आईने माझ्या आजीचं अकरा वर्षं केलं. आजी अंथरुणावर होती. आईच्या तोंडून कधी एक शब्द निघाला नाही. आम्ही बहिणी ते बघत वाढलो. आणि मी काय केलं? मागच्या आठवड्यात सासूबाईंनी दुपारपर्यंत तिसऱ्यांदा कपडे ओले केले. बदलायला गेले तर हात झटकायला लागल्या. मी त्यांचा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठला. त्या लहान मुलीसारख्या रडल्या. त्या रात्री माझ्या मनात आलं, हे सगळं आता संपू दे. तेव्हापासून देवापुढे दिवा लावायचीही लाज वाटते.

बाई ठेवू म्हटलं तर मिस्टर म्हणतात, “परक्या बाईकडून आईचं करून घ्यायचं का?” दीर म्हणतात, “वहिनी आहे म्हणून आम्ही निर्धास्त आहोत.” वृद्धाश्रमाचं नावही आमच्या घरात काढता येत नाही आणि मलाही ते पाप वाटतं. माझी आई आता भावाकडे असते. तिला हे सांगायचा धीर होत नाही. माझे संस्कारच कुठे कमी पडले का, एवढंच सांगा.’

ताई, आधी त्या वळाबद्दल बोलू. तुम्ही तो लपवला नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. तो पुन्हा उठता कामा नये. पण ‘यापुढे चिडायचं नाही’ असं मनाशी ठरवून ते साधणार नाही, हेही स्पष्ट सांगते. रात्रीची झोप तीनदा मोडलेली, दुपारपर्यंत तीनदा कपडे आणि फरशी धुतलेली, अशा अवस्थेत माणूस कितीही मायाळू असला तरी आपल्या हाताचा जोर त्याला कळत नाही.

पुढच्या वेळी राग हातापर्यंत आलाय असं जाणवलं, की सासूबाईंना खुर्चीत नीट बसवा. गॅस बंद आहे आणि बाहेरच्या दाराला कुलूप आहे एवढं बघा आणि सरळ गॅलरीत जा. दहा मिनिटं थांबा. ओल्या कपड्यांत दहा मिनिटं बसल्याने त्यांना काही होणार नाही. परत याल तेव्हा कपड्यांचं नावच काढू नका. ‘चला आई, पाय धुऊ, मग चहा घेऊ,’ म्हणत बाथरूममध्ये न्या. पुष्कळदा एवढ्याने जमतं. आपले कपडे ओले झालेत हेच त्यांना उमगलेलं नसतं. कुणीतरी एकदम अंगावरचं लुगडं ओढतंय, एवढंच कळतं. हात झटकताना त्या आपली अब्रू सांभाळत होत्या.

आणि हे कपडे ओले होणं नेहमीचं आहे की अलीकडचं? अलीकडचं असेल तर लघवीची तपासणी करून घ्या. या वयात मूत्रमार्गाला संसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही. गोंधळ, चिडचिड, रात्रीचं जागणं एकाएकी वाढतं, आणि घरच्यांना वाटतं आजार पुढे सरकला. पोट साफ नसेल किंवा कुठे दुखत असेल आणि सांगता येत नसेल, तरी असंच होतं. डॉक्टरांना ‘चिडतात’ एवढंच सांगू नका. कधीपासून, दिवसातून कितीदा, रात्री किती वाजता, हे कागदावर लिहून न्या.

वळाची गोष्ट आज रात्रीच मिस्टरांना सांगा. ‘मी जरा चिडले’ असं गुळमुळीत नको. ‘माझ्या हातून आईंच्या दंडावर वळ उठला आणि मी अशीच एकटी राहिले तर पुन्हा उठेल,’ असं सांगा.

आता त्या रात्री मनात आलेल्या विचाराबद्दल. अमेरिकेतले स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली, सांभाळणाऱ्या माणसावर किती भार आहे हे समजून घेण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिचं २२ प्रश्नांचं रूप आज जगभर वापरलं जातं. त्यातले काही प्रश्न साधारण असे आहेत : या व्यक्तीजवळ असताना तुम्हाला राग येतो का? तुमची तब्येत यामुळे खालावली असं वाटतं का? हे सगळं दुसऱ्या कुणावर सोपवता आलं असतं तर बरं, असं वाटतं का? आणि त्याच यादीत हाही प्रश्न आहे, की आपण यांच्यासाठी आणखी करायला हवं असं वाटतं का? राग आणि ‘आणखी करायला हवं’ ही टोचणी एकाच माणसाच्या मनात एकाच दिवशी असू शकते, हे ही यादी करणाऱ्यांना ठाऊक होतं. तुम्ही जे पाप म्हणून लपवताय, ते डॉक्टर आणि समुपदेशक रोज विचारतात, कारण सांभाळणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते वाटतं. ‘संपू दे’ म्हणताना तुम्हाला ही दमछाक संपायला हवी होती. त्यात सासूबाईंबद्दल द्वेष मला कुठेच दिसला नाही. दिवा लावा.

मात्र हाच विचार उद्या स्वतःबद्दल येऊ लागला, आपणच नसलो तर बरं असं वाटू लागलं, तर एक दिवसही वाट बघू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

संस्कारांचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण सगळं पत्रच त्यावर उभं आहे. तुमच्या डोळ्यांसमोर तुमची आई आहे. तिने अकरा वर्षं केलं. तो काळ जरा बारकाईने आठवून बघा. घरात किती माणसं होती? आजीला उचलून बसवायला दुसरं कोण हाताशी होतं? दुपारी शेजारच्या कुणी येऊन ‘तू जरा पड, मी बसते’ म्हणायच्या का? सहकारनगरच्या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर तुम्ही दोघीच असता. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या पण आपल्या माणसांना ओळखणाऱ्या आजीचं करणं वेगळं, आणि चालत्याफिरत्या, तुम्हालाच चोर ठरवणाऱ्या, दार उघडून जिन्यापर्यंत जाणाऱ्या सासूबाईंचं करणं वेगळं. पहिल्यात पाठ मोडते. दुसऱ्यात पाठ तर मोडतेच, पण ‘कुणाला आपली किंमतच नाही’ हेही रोज सोसावं लागतं. तुमची सासू आता तीच बाई राहिलेली नाही, आणि तिच्यासाठी रडायलाही तुम्हाला सवड मिळालेली नाही.

मला आणखी एक विचारायचं आहे. तुमची आई बोलली नाही, म्हणजे तिला काही झालं नाही असं का धरायचं? त्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी मला मागाहून सांगितलंय, की बोलायची सोयच नव्हती. तुमची आई आहे, तिला फोन करता येतो. तिला विचारा, ‘आजीचं करताना तुला कधी राग यायचा का गं?’ आणि मग गप्प राहून ऐका. दंडावरच्या वळाचंही तिला सांगा. तिच्यासारखं ऐकून घेणारं दुसरं माणूस तुम्हाला मिळायचं नाही.

आपल्याकडे असं धरून चालतात, की घरात कुटुंबाला मान असला, संस्कार घट्ट असले, की सांभाळणाऱ्याला ताण कमी जाणवतो. अमेरिकेतल्या संशोधकांनीही आधी तसंच धरलं होतं. तिथल्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या घरांमधला कौटुंबिक जिव्हाळा १९८७ च्या एका अभ्यासात तपासला, तेव्हा त्यात तीन वेगळे धागे दिसले. एक, नातेवाइकांसाठी करणं हे आपलं कर्तव्य. दुसरा, अडचणीत आपली माणसं धावून येतील हा भरवसा. आणि तिसरा, घरच्यांच्या पसंतीला उतरेल असंच वागायचं. पुढे २०१० मध्ये बॉब नाइट आणि फिलिप सायेघ या दोघांनी वेगवेगळ्या वंशांच्या घरांवर झालेली संशोधनं एकत्र ठेवून पाहिली. कुटुंबाला महत्त्व देणाऱ्या माणसाला भार कमी वाटतो, असं काही सरसकट दिसलं नाही. त्या मूल्यांचा परिणाम दिसला तो माणूस ताणाला कसं तोंड देतो आणि त्याला आधार किती मिळतो, यावर. नुसत्या कर्तव्याच्या धाग्याने तर काही ठिकाणी तब्येतीचं नुकसानच झालेलं आढळलं.

ती घरं वेगळी, देश वेगळा. तिथले निष्कर्ष जसेच्या तसे पुण्याला लागू करा असं मी म्हणणार नाही. पण ते तीन धागे घेऊन तुमचं पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा मला एक गोष्ट लख्ख दिसली. तुमच्या घरात पहिला धागा आहे आणि तो सगळा तुमच्या वाट्याला आलाय. तिसरा आहे, म्हणून तर बाई ठेवता येत नाही आणि वृद्धाश्रमाचं नाव काढता येत नाही. दुसरा, माणसं धावून येण्याचा, तुमच्या पत्रात मला सापडला नाही. दीर निर्धास्त आहेत, नणंदेला आई ठणठणीत वाटते, मिस्टरांना तुम्ही फार मनाला लावून घेता असं वाटत असणार. तेव्हा संस्कार कमी पडले असतील तर ते तुमचे पडलेले नाहीत. जी माणसं कुटुंब, कुटुंब म्हणतात, त्यांनी ते पाळायची आता वेळ आली आहे. तुम्ही जपलेल्या मूल्यांतलं काहीही सोडू नका. ती सगळ्यांना लागू करा, एवढंच मला म्हणायचं आहे.

झॅरिट यांच्या त्या १९८० च्या कामातली आणखी एक गोष्ट मला इथे सांगायलाच हवी. त्यांनी २९ वृद्ध रुग्ण आणि त्यांना सांभाळणारी माणसं यांचा अभ्यास केला. आजार किती पुढे गेलाय, विसरणं किती आहे, वागणं किती बिघडलंय, यावर सांभाळणाऱ्याचा भार ठरत असेल असं वाटलं होतं. तसं दिसलं नाही. भारात फरक पडला तो घरचे इतर लोक किती वेळा येतात-जातात, यावर. अभ्यास लहान होता, पण ही गोष्ट मी पुण्यातल्या घरांमध्ये पुन्हा पुन्हा पाहते. आजार तोच असतो, पण दर रविवारी कुणीतरी येऊन बसणार आहे हे माहीत असलेली सून वेगळ्या आवाजात बोलते.

म्हणून घरच्यांची बैठक बोलवा. बोलावणं मिस्टरांनी करायचं, त्यांच्या नंबरवरून. तुम्ही केलंत तर ती ‘वहिनीची तक्रार’ ठरेल. मेसेज साधा असू द्या : ‘आईची तब्येत आणि पुढची व्यवस्था यावर बोलायचं आहे. रविवारी सकाळी अकराला सगळ्यांनी आमच्याकडे या. जेवण बाहेरून मागवू. महिन्यातले कोणते दिवस कुणाला देता येतील ते बघून या.’ जेवण बाहेरूनच मागवा ताई. नाहीतर सगळे हॉलमध्ये ठरवत बसतील आणि तुम्ही आत पोळ्या लाटत असाल.

बैठकीत ‘मला फार त्रास होतो’ इथून सुरुवात केलीत तर सगळे हळहळतील, ‘वहिनी, तुम्ही देवमाणूस आहात’ म्हणतील आणि श्रीखंड खाऊन घरी जातील. त्यापेक्षा आधी आठवडाभर सासूबाईंच्या दिवसाची नोंद करा. कितीला उठल्या, किती वेळा कपडे, रात्री कितीदा दार. ती वही मधे ठेवा. मग दिवस मागा, नावानिशी. कौतुक घेऊ नका, दिवस घ्या.

नणंदेकडे चार दिवस मागा. पाहुणी म्हणून येण्याचे नाहीत. ती इथे येईल त्याच दिवशी तुम्ही माहेरी जायचं. फोनवर आई छान बोलते यात नणंदेचा दोष नाही. ‘कशी आहेस, जेवलीस का, मुलं काय म्हणतात’ हे आयुष्यभर बोललेलं या आजारात पुष्कळ दिवस टिकतं, आणि पाच मिनिटं ते निभावून नेता येतं. एक संध्याकाळ आणि एक रात्र तिने एकटीने काढली, की तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही. जाताना औषधांच्या वेळा आणि दाराच्या कुलपाची जागा एका कागदावर लिहून ठेवा. फ्रीज भरून ठेवू नका.

दिरांकडे एक आड एक शनिवार-रविवार मागा, आणि कागदपत्रांचं सगळं काम : औषधं आणणं, डॉक्टरांची वेळ घेणं, बँक, निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला. जाऊ नोकरी करते का हे तुम्ही लिहिलं नाहीत. तिच्यावर मात्र आधी काही टाकू नका. आईच्या मुलांनी आधी वाटून घ्यायचं. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा जो कायदा झाला, त्यातही जबाबदार म्हणून मुलगा, मुलगी, नातू, नात यांची नावं आहेत. त्या व्याख्येत सुनेचं नाव नाही. तुम्ही कुठे अर्ज करावा म्हणून हे सांगत नाही. तुम्ही जे करताय ते प्रेमाने आणि नात्याने करताय, आणि ज्यांचं मुळात काम आहे ती तीन माणसं त्या हॉलमध्ये बसलेली असतील, हे तुमच्या मनात पक्कं असावं म्हणून सांगते.

कुणी म्हणेल, मुलगा आईची अंघोळ कशी घालणार? अवघड वाटतं हे खरं, आणि सासूबाईंना स्वतःला ते आवडणार नाही. मग मुलांनी रात्र घ्यावी. संध्याकाळी सोसायटीत फिरवून आणावं, जेवू घालावं. अंघोळीसाठी बाई ठेवावी.

बाईचा विषय निघालाच आहे. ‘परक्या बाईकडून करून घ्यायचं का’ या वाक्यात मिस्टरांचं आईवरचं प्रेमच आहे, आणि स्वतः काही करता येत नाही याची बोचही आहे. त्यांना एवढंच विचारा, की आई पडली आणि दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथली नर्सही परकीच असेल ना? तिला आपण नको म्हणू का? सुरुवात चोवीस तासांच्या बाईने करू नका. रोज सकाळचे चार तास पुरेत. ब्युरोतून घेतलीत तर आधार कार्ड, पोलीस पडताळणी आणि आधीच्या एखाद्या घरचा फोन नंबर मागून घ्या. तिच्या सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार ते आधीच विचारा. पहिले आठ दिवस तुम्ही घरातच राहा, आणि सासूबाईंना ‘ही माझी मैत्रीण’ म्हणून ओळख करून द्या. त्या बाईला नाश्ता, चहा आणि आठवड्याची सुट्टी प्रेमाने द्या. तीही बहुधा आपल्या घरी कुणाचंतरी करून आलेली असते. पैसे सासूबाईंच्या निवृत्तिवेतनातून किंवा ठेवींच्या व्याजातून द्यावेत. ते त्यांचेच आहेत आणि त्यांच्यासाठीच खर्च व्हायला हवेत. कमी पडले तर तिन्ही मुलांनी घालावेत. वॉकर, कमोडची खुर्ची, पलंग विकत घेण्याआधी आसपास चौकशी करा. पुण्यात अनेक मंडळं आणि ट्रस्ट अनामत घेऊन रुग्णोपयोगी साहित्य वापरायला देतात.

पाटल्यांचं एकदाच मिटवून टाका. नणंद आणि दीर समोर असताना मोजा, फोटो काढा, लॉकरमध्ये ठेवा, पावतीची एक प्रत तिघांकडे द्या. सासूबाईंचं म्हणणं त्याने थांबणार नाही. या आजारात वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही आणि मन ती पोकळी ‘कुणीतरी घेतली’ असं म्हणून भरून काढतं. आळ येतो तो जवळ असणाऱ्या माणसावर. पण घरच्यांच्या नजरेत तुमच्यावर सावली राहणार नाही, आणि शेजारच्या काकूंनाही आजाराचं सरळ सांगता येईल. संध्याकाळच्या ‘घरी सोड’ला ‘हेच तुमचं घर आहे’ हे उत्तर देऊ नका, त्याने त्या आणखी घाबरतात. ‘जाऊ या हं, तुमच्या घरी अंगणात काय काय होतं?’ म्हणा. दिवे लवकर लावा, टीव्हीचा आवाज कमी ठेवा.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत मला दोन गोष्टी हव्या आहेत. नणंद असेल तेव्हा किंवा बाई आली की स्वतःचं रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या. तुम्ही ५२ वर्षांच्या आहात, झोप होत नाही, आणि अख्ख्या पत्रात तुमच्या तब्येतीवर एक ओळ नाही. दुसरं, आठवड्यातून तीन सकाळी तळजाई टेकडीवर जा. तुमच्यापासून जवळ आहे. तिथे हरिपाठ म्हणत चाला, मैत्रिणीशी बोलत चाला, काहीही. जप, पोथी, दिवा यांनी मन निवतं आणि ते करावंच. फक्त ‘देवाच्या मनात असेल ते होईल’ म्हणत बाईचा, डॉक्टरांचा, बैठकीचा निर्णय पुढे ढकलत राहिलात, तर ताण वाढतच जाईल.

आपल्यासारख्याच माणसांत बसणं याचाही फार उपयोग होतो. कंपवाताच्या रुग्णांसाठीचं पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ हे त्याचं चांगलं उदाहरण. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि शुभंकरांच्या अडचणींवरही मोकळं बोललं जातं. त्यांचा आजार वेगळा. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी असा गट कुठे भरतो ते विचारा. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ या वेळात सोयीसुविधांची माहिती मिळते, तिथेही विचारता येईल.

राहिला वृद्धाश्रम. तो आज तुम्हाला लागेल असं मला वाटत नाही. बाई, नणंदेचे चार दिवस आणि दिरांचे शनिवार-रविवार मिळाले तर सासूबाई घरीच राहू शकतील. पण तो विचार पाप नाही. बऱ्याच वृद्धाश्रमांत स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात. स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठीची केंद्रं वेगळी असतात, आणि काही ठिकाणी थोड्या दिवसांसाठीही ठेवून घेतात. दिरांना सांगून अशी दोन केंद्रं आत्ताच बघून यायला लावा. दुपारी, न कळवता, जेवणाच्या वेळी जायचं. उद्या तुमचंच ऑपरेशन निघालं तर घाईघाईत, मिळेल तिथे आईंना ठेवायची वेळ यायला नको. आणि पुढे कधी त्या अंथरुणाला खिळल्या, घास गिळता येईना, आणि घरी जमेनासं झालं, तर चांगल्या ठिकाणी ठेवून रोज भेटायला जाणारी मुलंही आईचं करतच असतात.

आता इथून पुढचं दादांना वाचायला द्या.

दादा, तुमची पत्नी तुमच्या आईला सोडायला निघालेली नाही. तिने दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि त्यानंतर एक सबंध रात्र झोपलेली नाही. तुम्ही चाकणहून येता तोवर दिवसातला सगळ्यात अवघड वेळ उलटून गेलेला असतो, म्हणून तुम्हाला तो दिसत नाही. येत्या शनिवारी रात्री आईच्या खोलीत तुम्ही झोपा आणि पत्नीला दुसऱ्या खोलीत दार लावून झोपू द्या. आई उठली की तिला पाणी द्या, बाथरूमला न्या, पुन्हा पांघरूण घाला. ती तुम्हाला मुलगा म्हणून ओळखेल, कदाचित भाऊ समजेल. दुरुस्त करत बसू नका. रविवारी सकाळी तुमची पत्नी तळजाईवरून नऊपर्यंत परत येईल, तोवर चहा-नाश्ता आणि औषध तुमच्याकडे. मग भावाला आणि बहिणीला बैठकीचा मेसेज करा, पुढच्याच रविवारचा.